मुंगीच्या दारावरची पाटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे, आणि आयुष्यभर मला एकच वाक्य बोलता आलं. ‘प्राण्यांना काहीही खाऊ घालू नये.’ हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं आणि खाली एक बाण. तो बाण कशाकडे दाखवतो हे आजवर कुणालाच कळलेलं नाही, मलाही नाही. आज पहिल्यांदा मी दुसरं काही बोलते आहे. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना गोड गोष्ट हवी असेल त्यांनी सशांच्या जाळीपाशी जाऊन उभं राहावं.

माझा जन्म नागपुरात, इतवारीतल्या एका अरुंद गल्लीत झाला. एका कारागिराने मला मोठ्या पत्र्यातून कापलं, चारी कोपऱ्यांना भोकं पाडली आणि हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत धोंडबा पेंटरच्या दुकानात नेऊन टेकवलं. धोंडबाचं अक्षर फार देखणं. माझ्यावरचा ‘खा’ त्याने असा काही गोल काढला की समोरचा भांडीवाला मान वाकडी करून म्हणाला, “धोंडबा, खाऊ घालू नये म्हनून लिहून राह्यला, अन् वाचूनच भूक लागते गा.” माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. खरं सांगायचं तर शेवटचंही तेच.

तिथून मी चिंचबागेत आले. चिंचबाग म्हणजे शहरातलं एक लहानसं प्राणीसंग्रहालय. दोन बिबटे, पाच-पंचवीस हरणं, माकडं, मोर आणि अस्वलांचा एक पिंजरा. त्या पिंजऱ्यासमोरच्या कठड्यावर मला बसवलं मारोतरावांनी. ते कागदोपत्री प्राणीरक्षक, लोकांच्या तोंडी अस्वलवाले. खाकी शर्ट, गळ्यात शिटी, हातात कायम खराटा. स्क्रू आवळून झाल्यावर ते चार पावलं मागे गेले, मला एकदा वाचलं आणि म्हणाले, “आता मले बोंबलाचं काम नाही. तूच सांग सगळ्याईले.”

त्यांचा तो भरवसा मी काही खरा करून दाखवला नाही. उन्हाळ्यात नागपुरात कुणी जनावरं बघायला येत नाही, ऊन माणसालाच सोसवत नाही. पण डिसेंबर लागला, सकाळी धुकं पडू लागलं की चिंचबागेला जत्रेचं रूप येई. शाळांच्या सहली येत, खेड्यांवरून गाड्या भरून माणसं येत. थंडीत जनावरंही उन्हाला येऊन बसतात, म्हणून बघणाऱ्यांची चैन. अस्वल पाठीवर लोळून पोट शेकत असलं की लोक हसून बेजार होत आणि हातात जे असेल ते फेकत. शेंगदाणे, संत्र्याच्या फोडी, चिप्स, एकदा तर अख्खा गुलाबजाम. एक गृहस्थ आपल्या लेकीला माझ्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचायला शिकवत होते आणि दुसऱ्या हाताने पेरू फेकत होते. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

मारोतरावांची शिटी वाजे. “काहून टाकता गा? पाटी नाही दिसत का?” असं म्हणून ते माझ्याकडे बोट दाखवत. समोर कितीही मोठा माणूस असो, ते हातातली पुडी काढून घेत. एकदा एका बड्या साहेबांच्या नातवाच्या हातातून त्यांनी शेंगदाण्यांची पुडी काढून घेतली आणि त्याबद्दल वरून बोलणीही खाल्ली. तरी ते बधले नाहीत. चिंचबागेत सगळे म्हणत, मारोतरावांचं अस्वल त्यांनी दिल्याशिवाय मुंगीसुद्धा खाणार नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात गंगी नावाच्या मादीने दोन पिल्लं दिली. मारोतरावांनी आतल्या खोलीत भाताचं तणस पसरलं, समोर हिरवी जाळी बांधली आणि महिनाभर तिकडे कुणी फिरकू नये म्हणून दोरी लावली. पण रविवार उजाडला, गर्दी लोटली, आणि लोकांना अस्वल दिसेना. एका माणसाने दोरी ओलांडली, दगड उचलला आणि माझ्या पत्र्यावर ठणाठणा वाजवायला सुरुवात केली, गंगी बाहेर यावी म्हणून. मग आणखी दोघे आले. मी पत्रा आहे, मारलं की वाजते, त्यात माझं काही चालत नाही. मारोतराव धावत येईपर्यंत आत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भेदरलेली आई पिल्लाला तोंडात धरून लपवायला जागा शोधते. गंगीला जागा सापडली नाही, आणि तिने दात सैल सोडले नाहीत. एक पिल्लू तसंच गेलं. दुसरं मोरीच्या कोपऱ्यात गार पडलेलं होतं, ते मारोतरावांनी शर्टाच्या आत, छातीशी धरून बाहेर आणलं.

त्या वेळी मारोतरावांचं बिऱ्हाड पिंजऱ्यांच्या मागेच, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये होतं. त्यांची बायको मीराबाई. दोन मुलगे, दोघेही नोकरीला बाहेरगावी. मुलगी नव्हती, आणि ती हौस त्यांच्या मनात तशीच राहिलेली होती. मूठभर पिल्लू त्यांच्या ओटीत पडलं. डोळेसुद्धा उघडलेले नव्हते. त्यांनी ते गोधडीत गुंडाळलं, पोटाशी धरून बाटलीने दूध पाजलं, दर दोन तासांनी, दोन महिने. एवढीशी म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. भूक लागली की मुंगी स्वतःचाच पंजा चोखायची आणि चोखताना घशातून एक घुंगुरघुंगुर आवाज काढायची. तो आवाज आला की मीराबाई हातातलं काम टाकून उठत. “आली वं माय, आली,” असं म्हणत त्या बाटली शोधायला लागत.

पुढे मुंगी पिंजऱ्यात गेली, पण गंगीच्या नाही, शेजारच्या. मारोतरावांनी मला कठड्यावरून काढलं आणि मुंगीच्या रात्रीच्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीवर ठोकलं. कुणाचा दगड पोचू नये म्हणून. तिथून मला वाटही दिसे आणि दारही. लोकांना मात्र मी चिंचेच्या फांदीआड अर्धीमुर्धीच दिसायची. दिवाळीच्या आधी मारोतराव चष्मा लावून, बारक्या ब्रशने माझी अक्षरं पुन्हा गिरवत. धोंडबाचा तो गोल ‘खा’ त्यांच्या हाताने थोडा चपटा झाला, पण वाचता येई.

क्वार्टर पाडले गेले आणि ते दोघे प्रताप नगरकडे राहायला गेले. मीराबाईंचे गुडघे धरले होते. तरी संक्रांतीला त्या रिक्षा करून मुंगीला बघायला येत, आणि दरवर्षी त्यांच्या पिशवीत डबा असे. दरवर्षी मारोतराव तो डबा उघडू देत नसत.

“पाटी पाह्य,” ते म्हणत.

“मले कुठं वाचता येते? काय लिवलं हाय त्याच्यावर?”

“तुह्याच कामाचं लिवलं हाय.”

“मंग वाचून दाखवा ना.”

“मी सांगून राह्यलो ना, नाही द्याचं म्हनून. वाचाचं काय त्याच्यात?”

मीराबाई हसत, जाळीतून मुंगीशी दोन शब्द बोलत आणि डबा तसाच घेऊन परत जात. त्या वेळी मारोतरावांचा मला अभिमान वाटे. बायकोलाही सूट नाही, असा माणूस.

मुंगी सहा वर्षांची झाली तेव्हा पत्र आलं. दुसऱ्या राज्यातल्या एका प्राणीसंग्रहालयात एक नर अस्वल एकटा होता. मुंगीने तिकडे जायचं आणि बदल्यात इकडे लांडग्यांची जोडी यायची, असं ठरलं. अशा अदलाबदली होत असतात, मित्रांनो, आणि त्या चांगल्यासाठीच असतात. लाकडाची, लोखंडी पट्ट्या मारलेली एक मोठी पेटी आली आणि मुंगीच्या दाराला लावून ठेवली गेली. एवढ्या मोठ्या जनावराला ढकलून पेटीत घालता येत नाही. म्हणून तीन आठवडे मुंगीचं जेवण पेटीतच ठेवायचं, म्हणजे पेटीची भीती जाते आणि भुकेपोटी ती आपणहून आत शिरते. मारोतरावांनी हे काम मन लावून केलं. शेवटी शेवटी तर त्यांनी नुसतं दार वर उचललं की मुंगी डुलत डुलत पेटीत जाऊन बसायची.

आमच्या डॉक्टर हिमानी मॅडम. धरमपेठेत राहायच्या, नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. सगळं डायरीत लिहून ठेवायची सवय. प्रवासाच्या आदल्या दिवशी त्या माझ्याशेजारी उभ्या राहून मारोतरावांना म्हणाल्या, “काका, आज दुपारनंतर तिला काहीही द्यायचं नाही. फक्त पाणी. उद्या ती पेटीत गेली नाही तर इंजेक्शन द्यावं लागेल, आणि पोटात काही असलं तर ते घशात येतं, श्वासनळीत जातं. मग हातात काही राहत नाही. ती तुमच्याच हातचं खाते, म्हणून तुम्हालाच सांगते.”

“मॅडम, तीस वरसं लोकाईले हेच तर सांगून राह्यलो,” मारोतराव म्हणाले.

तो दिवस संक्रांतीचा होता. गर्दी मोठी होती. मारोतराव दिवसभर मुंगीच्या जाळीपासून हलले नाहीत. शेंगदाण्याचं टरफलसुद्धा आत जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते सायकलवर आले. धुकं इतकं होतं की आधी सायकलची कुरकुर ऐकू आली आणि मग ते दिसले. कॅरिअरला स्टीलचा डबा बांधलेला होता. मुंगी आत जागीच होती. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. ती कोपऱ्यात बसून पंजा चोखत होती आणि घशातून तोच आवाज काढत होती, गोधडीतला.

मारोतराव डबा हातात घेऊन बराच वेळ दारापाशी उभे राहिले. मला वाटलं, आता परत फिरतील. त्यांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग जाळीपाशी बसले आणि हळू आवाजात मुंगीशी बोलायला लागले. “तुही माय चार वाजता उठली. मी म्हनलं, डॉक्टर मॅडम रागवतीन. तर म्हनते, डॉक्टरले काय समजते? उपाशी पोटी पोरीले सासरी कोनी धाडते का?”

डब्यात तीन पुरणपोळ्या होत्या, तूप लावलेल्या, अजून गरम. त्यांनी तुकडे करून एकेक जाळीतून आत दिला. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही अशी ती एकच वेळ. मी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होते. तुम्ही म्हणाल, पाटीला काय वाटणार? मला वाटलं, मित्रांनो. कुणीतरी आता माझ्यावर दगड वाजवावा आणि हा माणूस दचकून थांबावा, असं मला वाटलं. पण तिथे कुणी नव्हतं. मुंगीने शेवटचा तुकडा खाल्ला आणि त्यांची बोटं चाटली. त्यांनी डोळे पुसले, डबा पिशवीत टाकला आणि खराटा घेऊन नेहमीसारखं झाडायला लागले.

सात वाजता ट्रक आला. बागेचे अधिकारी सौरव साहेब आले, हिमानी मॅडम आल्या, उचलायला सहा माणसं आली. पेटीच्या टोकाला थोडा मध लावला होता. मारोतरावांनी दार वर उचललं.

मुंगी गेली नाही. जाईल कशाला? पोट भरलेलं होतं. तिने पेटीचा वास घेतला, वळली आणि उन्हाच्या पट्ट्यात जाऊन आडवी झाली. मारोतरावांनी हाका मारल्या, चुचकारलं, पेटीवर थापट्या मारल्या. अर्धा तास गेला. ट्रकवाला घाई करायला लागला. दिवस मावळायच्या आत त्याला बराच पल्ला गाठायचा होता.

“एकोणीस तासांची उपाशी आहे, तरी मधाकडे बघत नाही,” हिमानी मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी डायरी उघडली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “काका, पोट रिकामं आहे ना? काही गेलेलं नाही ना?”

त्यांना संशय नव्हता. विचारायची पद्धत म्हणून त्या विचारत होत्या. आणि मित्रांनो, अजूनही काही बिघडलं नव्हतं. ‘खाल्लं आहे’ एवढं म्हणायचा अवकाश, ट्रक दुसऱ्या दिवसावर गेला असता. साहेब चिडले असते, एखादी नोटीस निघाली असती. मारोतरावांच्या नोकरीचे अडीच महिने उरले होते. समोर ती सहा माणसं होती, ज्यांना त्यांनी कधीतरी चिवड्याच्या पुडीवरून झापलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“रिकामंच हाय, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग लांब नळीतून फुंकर मारून इंजेक्शनचा बाण सोडला. पंधरा मिनिटांत मुंगीची मान खाली गेली. तिला ताडपत्रीवर घेऊन सहा जणांनी पेटीत ठेवलं. पेटीचं दार खाली सोडायचं तेवढ्यात तिचं पोट हललं, घशातून खरखर आवाज आला. मॅडम ओरडल्या, “बाहेर काढा तिला.” त्यांनी तिची जीभ ओढली, डोकं खाली केलं, हातात फडकं गुंडाळून घशात बोटं घातली. फडक्यावर पिवळं काहीतरी आलं. पुन्हा घातली, पुन्हा आलं. चाळीस मिनिटं त्या गुडघ्यावर बसून तिची छाती दाबत होत्या. मारोतराव मुंगीचा पंजा धरून बसले होते.

मुंगी मेली. ऊन चांगलं वर आलं होतं. बागेचं फाटक उघडायची वेळ झाली होती आणि बाहेर एका शाळेची मुलं रांगेत उभी होती.

सौरव साहेब फडक्याकडे बघून म्हणाले, “पुरण आहे हे. काल संक्रांतीची गर्दी होती. फेकली असेल कुणीतरी पोळी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मारोतराव गप्प राहिले. हिमानी मॅडम मात्र त्या फडक्याकडेच बघत होत्या.

यानंतरचं लवकर सांगते, कारण मला ते सांगायला आवडत नाही. औषध जास्त दिलं का, असा मॅडमना लेखी खुलासा विचारला गेला. पाच आठवडे त्या रोज कार्यालयात जाऊन कागद देत होत्या. एक दिवस त्या मुंगीच्या रिकाम्या खोलीपाशी आल्या. मारोतराव आत झाडत होते.

“काका,” त्या म्हणाल्या, “आदल्या दुपारची पोळी असती तर ती अशी निघाली नसती. तूप ओलं होतं. वेलचीचा वास येत होता. मी अजून लिहिलेलं नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले आहे.”

मारोतराव झाडत राहिले. झाडण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. मॅडम निघून गेल्या.

मग चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी फोटो काढले. एकाने माझ्यावर नख घासून पाहिलं. आदल्या दिवाळीला माझी अक्षरं गिरवली गेली नव्हती, कारण दिव्यांचे नवे फलक येणार आहेत, रंग वाया घालवू नका, असा निरोप होता. माझा हिरवा रंग उडाला होता आणि समोर चिंचेची फांदी होती. अहवालात लिहिलं गेलं, ‘सूचनाफलक अस्पष्ट व आडोशाला असल्याने प्रेक्षकांकडून खाद्यपदार्थ टाकले गेल्याची शक्यता.’ असा सगळा दोष माझ्या माथी आला. मॅडम सुटल्या, पण त्या सगळ्याला कंटाळून त्यांनी मार्चमध्ये ती नोकरी सोडली. मुंगीबद्दल पेपरात तीन ओळी आल्या, ‘मादी अस्वलाचा मृत्यू’ एवढ्याच. नाव नव्हतं.

नवा फलक आला तेव्हा मला मारोतरावांनीच काढलं. भंगारात टाकायचं होतं. त्यांनी मला मागून घेतलं आणि निवृत्तीच्या दिवशी कॅरिअरला बांधून घरी नेलं. घरी त्यांनी मला ओट्यावर, गॅसच्या मागे उभं केलं, भिंतीवर तेल उडू नये म्हणून. मीराबाईंना असंच वाटलं. मला वाटतं, त्यांना मी जेवताना समोर हवी होते. ते ताट घेऊन माझ्याकडे तोंड करून बसत आणि अर्ध्या जेवणावरून उठत.

घरी आल्यावर मला एक गोष्ट कळली. मीराबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी मारोतरावांनी त्यांना सांगितलं होतं, सुखरूप गेली म्हणून. शेजारणीने अस्वल मेल्याची बातमी आणली तेव्हा म्हणाले, ती म्हातारी गंगी. आणि मीराबाई रोज मुंगीचं काही ना काही विचारत. तिकडे थंडी जास्त असते का? तो नर तापट तर नाही ना? “एक बरं झालं,” त्या म्हणत, “पोट भरून गेली पोरगी.” त्या हे म्हणाल्या की मारोतराव उठून अंगणात जात.

असं करता करता पुन्हा थंडी आली. मीराबाईंनी मनात काहीतरी धरलं होतं. थोरल्या मुलाला सांगून त्यांनी रेल्वेची तिकिटं काढवली, दोघांची, मुंगीच्या गावची. आणि संक्रांतीच्या सकाळी पुरण शिजत असताना त्यांनी ते मारोतरावांना सांगितलं.

“उद्या निघाचं हाय. माहे गुडघे आज हायेत, उद्याचं काय सांगाव? एकदा पाहून येऊ तिले. पिल्लंही झाली असतीन आता.”

मारोतराव दारात उभे होते. त्यांनी चौकट धरली.

मीराबाई पोळी लाटत बोलतच होत्या. “पाच पोळ्या तिच्या येगळ्या बांधते. तिकडचे लोक देऊ देतीन ना? का तिथंही तुमच्यासारखा एखादा पाटी दाखवत बसन?” त्यांनी उलथन्याने मला टकटक केलं. “एवढी वरसं पाहून राह्यली हिले. आता तर हिच्यावर रोज फोडनी उडते. काय लिवलं हाय, एकदा वाचून तरी दाखवा.”

मारोतराव ओट्यापाशी आले. तेलाच्या थरातून अक्षरं नीट दिसत नव्हती. त्यांनी शर्टाच्या बाहीने मला पुसलं आणि लहान मूल वाचतं तसं, एकेक शब्द बोट ठेवून वाचलं. “प्राण्यांना. काहीही. खाऊ. घालू. नये.”

“एवढंच?” मीराबाई म्हणाल्या.

“एवढंच.” मग त्यांनी बोट खाली घेतलं नाही, तसंच माझ्यावर ठेवून सगळं सांगितलं. पेटी, मध, इंजेक्शन, फडकं. गंगी मेली नव्हती, हेही. आवाज चढला नाही की रडूही आलं नाही. मीराबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं होतं.

त्यांनी विचारलं, “तिन्ही खाल्ल्या होत्या तिनं?”

“तिन्ही.”

“अन् मॅडमनं विचारलं तवा?”

“रिकामं हाय म्हनलं.”

तव्यावरची पोळी करपून धूर निघायला लागला होता. मीराबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं, आता त्या खाली बसतील. त्या बसल्या नाहीत.

“पोळी माही होती,” त्या म्हणाल्या. “ते माह्या माथ्यावर. पन रिकामं हाय म्हनलं, ते तुमचं. त्या डॉक्टरबाई कुठं राहतेत?”

“धरमपेठेत राहत होत्या.”

“चप्पल घाला.”

ते दोघे गेले आणि दिवेलागणीला परत आले. तिथे काय झालं, मॅडम भेटल्या का, दार उघडलं का, मला माहीत नाही. त्याबद्दल या घरात कुणी बोललेलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी होती. कुणी गेलं नाही. पुरण तीन दिवस पातेल्यात पडून होतं, मग मीराबाईंनी ते परसात खड्डा करून पुरलं.

मित्रांनो, माझं एकच वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलेलं आहे. तुम्ही ते वाचता आणि वाटतं, ते दुसऱ्यांसाठी आहे, टवाळांसाठी, न शिकलेल्यांसाठी. मी तुम्हाला सांगते, ते सगळ्यात जास्त त्यांच्यासाठी आहे ज्यांचा त्या जनावरावर जीव आहे. फेकणाऱ्याला शिटी वाजवून थांबवता येतं. मायेने भरवणाऱ्याला कोण थांबवणार? आणि तरीही चूक झालीच, हात धजावलाच, तर कुणी विचारलं की लगेच खरं सांगा. मान खाली घालावी लागली तरी चालेल, बोलणी चालतील. मुंगीला पोळीने नुसतं जड केलं होतं. तिला मारलं ते त्या एका ‘रिकामंच हाय’ने, आणि त्यानंतर गप्प राहून मारोतरावांनी मॅडमची नोकरीही घालवली. माणूस वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगते. म्हणूनच तर सांगते आहे.

आता मी जुनी झाले आहे, कडांना गंज चढला आहे, ‘खा’ जवळजवळ गेला आहे. मीराबाई मला रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसतात. त्यांना एकही अक्षर ओळखता येत नाही. पुसताना त्या शब्दांवर बोट ठेवत पुढे सरकतात आणि शेवटी ‘नये’पाशी थोड्या थांबतात.